माझं घर शेवटी

केवळाबाई शाळेत आल्या की आधी चपला काढायच्या, मग पदर कानामागं खोचायच्या आणि माझ्याकडे न बघता म्हणायच्या, "बसा गुर्जी." माझ्याच शाळेत, माझ्याच खुर्चीवर बसायची परवानगी मला त्या द्यायच्या. सुरुवातीला याचा राग यायचा. पुढं पुढं त्यांनी म्हटल्याशिवाय मीच बसेनासा झालो.

पालम तालुक्यातलं ते लहानसं गाव. पहिली ते पाचवी शाळा, दोन खोल्या, समोर पत्र्याचा व्हरांडा आणि आवारात शाळेपेक्षा वयानं मोठी चिंच. मी आणि कदम सर असे दोघं शिक्षक. त्यातला एक कायम कसल्या तरी प्रशिक्षणाला, नाहीतर पालमच्या कार्यालयात माहिती भरायला गेलेला. राहिलेल्यानं पाचही वर्ग सांभाळायचे. म्हणजे एका वर्गाला पाढे म्हणायला लावून दुसऱ्याला गणित घालायचं आणि तिसऱ्याला नुसतं "गप बसा" म्हणायचं.

अशा प्रत्येक शाळेला पालकांची एक व्यवस्थापन समिती असते. कागदावर ती एवढी ताकदवान असते की वाचूनच शिक्षकाला घाम फुटावा. शाळेचा आराखडा तिनं करायचा, शिक्षकांवर लक्ष तिनं ठेवायचं, पोषण आहाराची चव तिनं बघायची. प्रत्यक्षात काय व्हायचं ते आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. महिना संपत आला की मुख्याध्यापकानं रजिस्टर काखेत मारून गावातून एक चक्कर मारायची. कुणाच्या ओट्यावर चहा, कुणाच्या गोठ्यात सही, म्हशीची धार काढता काढता कुणाचा ओल्या हाताचा अंगठा. झाली बैठक. मीही वर्षानुवर्षं अशाच बैठका घेतल्या होत्या, आणि सगळं सुरळीत चाललं होतं.

केवळाबाई अध्यक्ष झाल्या त्या कुणाला त्या हव्या होत्या म्हणून नव्हे. गावात दोन गट, आणि दोघांनाही दुसऱ्याचा माणूस नको होता. निवडीच्या दिवशी त्या खिचडीत मीठ फार पडतं म्हणून भांडायला आल्या होत्या. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. "बाईमानूस हाय. सही करील अन् गप बसंल," असं कुणीतरी म्हणालं आणि टाळ्या पडल्या. केवळाबाई मिठाचं बोलायचंच विसरल्या. नंतर मात्र त्यांनी ते बोलून घेतलं, गावात असतील त्या दर बैठकीला.

पहिल्या महिन्यात मी रीतीप्रमाणे रजिस्टर घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्या अंगणात तूर पाखडत होत्या.

"हे काय हाय गुर्जी?"

"बैठकीचं रजिस्टर. इथं सही करा."

"बैठक कव्हा झाली?"

"आत्ताच होतेय म्हणा."

"मंग बाकीचे कुटं हाईत?"

"आपापल्या घरी."

त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. फोल उडवत उडवत म्हणाल्या, "मंग ही बैठक न्हाई गुर्जी. ही तुमची फेरी हाय. फेरीच मारायची तर मी मारते की. मला गावात सगळे वळकतेत."

आणि खरंच त्या फेरी मारायला लागल्या. बैठकीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, चुली पेटायच्या वेळेला, लेकरं शाळेत असलेल्या प्रत्येक घरी जायच्या. आत जायच्या नाहीत, उंबऱ्यावर बसायच्या. चहा घ्यायच्या नाहीत, कारण चहा घेतला की माणूस चहाचंच बोलतो, असं त्यांचं मत. "तुमच्या घराचा शब्द द्या," एवढंच म्हणायच्या. शाळेबद्दल त्या घराला जे काय सांगायचं असेल तो त्या घराचा शब्द.

दुसऱ्या दिवशी बैठकीत त्या एकेक घर घ्यायच्या. इथंच त्यांची खरी गंमत होती. "अमक्याचं म्हणणं असं आहे" असं त्या सांगत नसत. तो माणूस होऊन बोलत. म्हाताऱ्या किसनआबांचा शब्द आला की केवळाबाई कानाला हात लावून ओरडायच्या, "काय म्हनलं? पोराला पाडे येत न्हाईत!" नवी सून असलेल्या घराचा शब्द आला की आवाज इतका खाली जायचा की सगळ्यांनी पुढं वाकावं. एका घरातल्या बाईला बोलता बोलता रडायची सवय होती, केवळाबाई तिचा शब्द सांगताना खरंच डोळ्याला पदर लावायच्या आणि लगेच कोरड्या आवाजात म्हणायच्या, "हे झालं त्याइचं घर. फुडलं घर."

सगळ्यांची घरं झाली की त्या थांबायच्या. "माझं घर शेवटी," म्हणायच्या. आणि बहुतेक वेळा त्यापुढं एवढंच यायचं: "माझ्या घराचं काई न्हाई. चला."

या प्रकारानं पंधरा मिनिटांची बैठक दुपारभर चालायला लागली. कदम सर वैतागून म्हणायचे, "या बाई बैठक घेत नाहीत हो, पारायण लावतात." मीही वैतागायचो. कार्यालयाला बैठकीचा फोटो पाठवायचा असे, तो पहिल्या पाच मिनिटांत काढून व्हायचा. पुढचं सगळं ऐकणं हे सरकारच्या हिशेबात कुठंच बसत नव्हतं. पण उठून जायची सोय नव्हती. त्यांनी "बसा गुर्जी" म्हटलेलं असायचं.

एकदा तर त्यांनी माझंच घर घेतलं. म्हणजे माझ्याविषयीचा शब्द. भर बैठकीत, माझ्यासमोर, कुठल्या तरी तिसऱ्याच बाईच्या ठसक्यात त्या म्हणाल्या, "गुर्जी चांगले हाईत, मारीत न्हाईत. पर बोलनं लय बारीक हाय. मागच्या लेकरायला ऐकू येत न्हाई. लेकरं घरी येऊन म्हनतेत, गुर्जी नुसतं तोंड हालवायलेत."

सगळे हसले. मीही हसलो, पण मनातून लागलं. इतकी वर्षं शिकवतोय, आजवर कुणी मला हे सांगितलं नव्हतं. बैठक संपल्यावर मी केवळाबाईंना विचारलं, कुणाच्या घरचा शब्द हा?

"आता ते कशाला? त्या घराचा शब्द तुमाला पोचला का?"

"पोचला."

"मंग झालं." आणि चपला घालून गेल्या.

त्यांच्याशी वाद घालणं अवघड होतं, कारण त्या वादात नसायच्याच. एकदा दोन घरांचे शब्द अगदी उलटे आले. एकाला शाळा सकाळी लवकर भरायला हवी होती, म्हणजे दुपारी पोरगी धाकट्याला सांभाळील. दुसऱ्याला उशिरा हवी होती, कारण सकाळी पोरगंच पाणी भरतं. केवळाबाईंनी दोन्ही शब्द सारख्याच जोरात मांडले. माझा संयम सुटला.

"अहो, पण अध्यक्ष म्हणून तुमचं मत काय?"

"माझं मत कशाला पायजे? मला अध्यक्ष केलंय गुर्जी, शानी न्हाई केलं."

त्यांच्या स्वतःच्या घराबद्दल त्या एकदाच बोलल्या, तेही मी विचारलं म्हणून नव्हे. पोषण आहाराचे तांदूळ निवडायला बसल्या होत्या. खडा बाजूला टाकत सहज म्हणाल्या, "मी चौथी झाले अन् कोयता हाती आला. मायबाप उसाच्या फडावर न्यायचे. पाचवीचं पुस्तक बगितलंच न्हाई मी." मग त्यांचीही दोन पोरं तशीच गेली. दिवाळी झाली की आमच्या गावची निम्मी घरं ऊसतोडीला जातात. मुकादम ट्रक घेऊन येतो आणि टोळ्या पश्चिमेकडं निघून जातात, त्या उन्हाळ्यातच परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या माणसाला टोळीत कुणी घेत नाही. केवळाबाईंचे मालक ज्ञानोबा हे दिवसाला चार शब्द बोलणारे गृहस्थ. जमीन कोरडवाहू, थोडकी. जावं लागायचंच. दोन्ही पोरं आईबापाबरोबर फडावर गेली, उसाचे वाढे गोळा करता करता मोठी झाली आणि आता त्यांचे स्वतःचे कोयते होते.

राहिली शेंडेफळ वैष्णवी. वैशू. तिसरीत होती. तिला मात्र केवळाबाईंनी एकदाही फडावर नेलं नव्हतं, आणि ते जमलं होतं ते शाळेमुळं. आमच्या शाळेत हंगामी वसतिगृह चालायचं. नाव मोठं, पण काम साधं. आईबाप तोडीला गेले की लेकरांना दोन्ही वेळचं जेवण शाळेत मिळायचं आणि रात्री ती आजी-आजोबांकडे झोपायची. केवळाबाईंची सासू डोळ्यांनी अधू. ती नातीला जवळ घेऊन झोपू शकत होती, रांधून घालू शकत नव्हती. शाळा होती म्हणून वैशू गावात राहत होती. फडावरून संध्याकाळी केवळाबाईंचा फोन यायचा. मागं कोयत्यांचे आवाज, ट्रकचा घरघराट. पोरगी जेवली का, हे त्या विचारत नसत. "वाचायलीय का गुर्जी?" एवढंच. मी हो म्हणालो की फोन बंद.

तर अशात शाळा बंद करायचं निघालं. पट कमी होता. ओढ्यापलीकडच्या मोठ्या गावात सातवीपर्यंतची शाळा होती, प्रत्येक वर्गाला शिक्षक होता. आमची लेकरं तिकडं न्यायची आणि ही शाळा तिच्यात मिळवून टाकायची, असा विचार वर कुठंतरी चालला होता. पालकांचं म्हणणं घेऊन या, असं समितीला सांगणं आलं.

वैशाखाचे दिवस होते. टोळ्या नुकत्याच परतल्या होत्या, सगळी घरं भरलेली होती. केवळाबाईंनी फेरी मारली. घराघरातून एकच शब्द आला: शाळा इथंच राहिली पाहिजे. एकाही घरानं वेगळं सांगितलं नाही. केवळाबाई इतक्या खूश मी कधी पाहिल्या नव्हत्या. आम्ही एसटीनं पालमला गेलो. शिक्षण खात्याच्या साहेबांच्या खोलीत खुर्ची दिली तरी त्या उभ्याच राहिल्या आणि एकेक घर सांगत गेल्या. किसनआबा झाले, नवी सून झाली, रडणारी बाई झाली. दोन-तीनदा साहेबांनी घड्याळ बघितलं. मग त्यांनी घड्याळ बघायचं सोडून दिलं. शेवटी केवळाबाईंचा घसा बसला.

"माझं घर शेवटी," त्या म्हणाल्या. "माझ्या घराचाबी तोच शब्द हाय."

"यंदा राहू द्या तुमची शाळा," साहेब म्हणाले. परतीच्या एसटीत केवळाबाईंनी मला फुटाणे घेऊन दिले.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी मी दारात उभा होतो. केवळाबाई वैशूला घेऊन आल्या. मारुतीच्या पारापाशी एक पिवळी गाडी येऊन थांबली, कुठल्याशा इंग्रजी शाळेची. आणि आमच्या शाळेतली लेकरं, नवे बूट घालून, एकेक करून तिच्यात चढायला लागली. किसनआबांचा नातू चढला. रडणाऱ्या बाईची दोन्ही चढली. केवळाबाई तिथंच उभ्या राहिल्या. मग चालत पारापर्यंत गेल्या. मीही मागं गेलो.

"काय माय," त्या रडणाऱ्या बाईला म्हणाल्या, "शब्द दिल्ता ना तू?"

"दिल्ता की वहिनी." ती बाई खरंच ओशाळली होती. "तुमी दारात आल्त्या. उंबऱ्यावर बसल्या. तुमच्या तोंडावर न्हाई कसं म्हनावं?"

हे आमच्याकडचंच. दारात आलेल्या माणसाला आम्ही नाही म्हणत नाही. लग्नाला या म्हटलं तर हो, मत द्या म्हटलं तर हो, चारही उमेदवारांना हो. ते खोटं बोलणं नसतं, ती भीड असते, आणि ती राखणाऱ्याला आपण खोटं बोललो असं वाटतही नाही. केवळाबाई त्याच गावच्या सून. त्यांना हे कळायला हवं होतं, असं कदम सर म्हणाले. पण त्या तर स्वतः कधी भीड ठेवून बोलल्या नव्हत्या, त्यामुळं दुसरे ठेवतात हे त्यांच्या डोक्यातच आलं नसावं.

दोन बैठकांना त्या आल्या नाहीत. तिसरीला आल्या तेव्हा चेहरा आजारातून उठल्यासारखा. "गुर्जी," म्हणाल्या, "मी साहेबाकडं लोकायचा शब्द नेला न्हाई. भीड नेली." मग नेहमीसारखं पदर कानामागं खोचून, "बसा."

ते वर्ष कसंबसं गेलं. पट आणखी उतरला. उरलेली बहुतेक तोडीला जाणाऱ्या घरांची आणि ज्यांना पिवळी गाडी परवडत नव्हती त्यांची. दिवाळीनंतर केवळाबाई तोडीला गेल्या, संध्याकाळचा फोन येत राहिला, वैशू चौथीचं पुस्तक वाचत राहिली. वैशाखात त्या परतल्या आणि पाठोपाठ वरून पुन्हा विचारणा आली. या वेळी साहेब स्वतः गावात येणार होते. पालकांचं म्हणणं काय, हे त्यांना समितीकडून एकदाच ऐकायचं होतं.

या खेपेला केवळाबाईंनी फेरी मारली नाही. साहेब यायच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना शाळेतच बोलावलं, पाराजवळच्या गाडीत पोरं बसवणाऱ्यांनाही. चिंचा झोडपून झाल्या होत्या, घराघरांत चिंचोक्यांचे ढीग होते. त्यांनी एक घमेलं चिंचोके आणले आणि प्रत्येक घराच्या हातात एकेक दिला. व्हरांड्यात दोन तांब्याची भांडी ठेवली. एक दाराशी, एक खांबाशी.

"ज्याला शाळा इथंच पायजे त्यानं दाराच्या भांड्यात टाका. ज्याला मोठ्या शाळेत लेकरं धाडायचीत, गाडी पायजे, त्यानं खांबाच्या. मी बगनार न्हाई. गुर्जी बी बगनार न्हाईत."

आणि त्या व्हरांड्यातल्या भिंतीकडं तोंड करून बसल्या. मला शेजारी बसवलं. त्या भिंतीवर आम्ही कधीकाळी रंगवलेला बाराखडीचा तक्ता होता. मी पोपडे सुटलेला 'क्ष' बघत बसलो. मागून पावलांचा आवाज यायचा, मग चिंचोका भांड्यात पडल्याचा टण्ण आवाज. कुठल्या भांड्यात ते आवाजावरून कळायचं नाही, पण माणूस कुठं जाऊन थांबला ते कळायचं. जास्त पावलं खांबाकडं जात होती. मला ऐकू येत होतं म्हणजे त्यांनाही येत असणार. त्यांनी मान वळवली नाही. मध्ये एकदा ज्ञानोबांचं खाकरणं ऐकू आलं, दाराच्या बाजूला.

सगळे गेल्यावर त्या उठल्या. दाराच्या भांड्यात डोकावल्या. एका मुठीत मावतील एवढेच होते. त्यात तोडीला जाणाऱ्या घरांचेही सगळे नसणार, हे उघड होतं. मी मोजायला हात घातला तर म्हणाल्या, "नका मोजू. दिसतंय की."

गावाचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पाच वर्गांना एक दमलेला मास्तर, आणि पलीकडं वर्गागणिक शिक्षक. कुणाही आईबापानं काय निवडावं? मी त्यांच्या जागी असतो तर माझाही चिंचोका खांबाकडंच गेला असता. पण शाळा माझीही होती. आणि वैशूची होती.

कदम सर थोडं घुटमळून म्हणाले, "बाई, उद्या तुम्ही सांगा की सगळ्यांना शाळा हवीय. मागच्यासारखं. साहेबांना कोण सांगायला जातंय? गाववाले तोंडावर तर नाही म्हणत नाहीत." मी त्यांना गप्प केलं नाही. मलाही तेच हवं होतं, ते कदम सर बोलले एवढंच.

केवळाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. चिडल्या नाहीत. "कदम सर," म्हणाल्या, "माझी पोरगी हाय यात. तुमाला वाटलं मी इचार केला न्हाई?" आणि घमेलं उचलून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब आले ते भांडणाच्या तयारीनं. मागच्या वर्षीचं त्यांना आठवत असणार. फाईल मांडीवर, पाण्याची बाटली शेजारी. केवळाबाई उभ्या राहिल्या. या वेळी कुणाचे आवाज नव्हते, नक्कल नव्हती. कुणाचा शब्द कोणता ते त्यांनाच माहीत नव्हतं.

"बहुत घरायचं म्हननं हाय," त्या म्हणाल्या, "की लेकरं मोठ्या शाळेत जावावीत. तिथं शिकवायला मानसं हाईत. पर वढ्याला पानी आलं तर लेकरं चालत जानार न्हाईत. गाडी द्या. हा एक शब्द."

साहेबांनी पेन काढलं. त्यांचा विश्वास बसत नव्हता.

"दुसरा शब्द. थोडी घरं हाईत त्याइला शाळा इथंच पायजे. थोडी हाईत पर घरंच हाईत. त्याइचंबी लिवा. ही घरं तोडीला जातेत. सांजचं जेवन इथं मिळतंय म्हनून लेकरं इथं राहतेत. तिकडं मिळनार का?"

"प्रस्ताव पाठवू," साहेब म्हणाले.

"कव्हा?"

"पाठवू म्हटलं ना बाई. आणखी काही?"

पदर कानामागं खोचलेला होताच, तरी पुन्हा खोचला. "माझं घर शेवटी," म्हणाल्या. "माझ्या घराला शाळा इथंच पायजे. येगळं लिवून घ्या ते."

साहेबांनी लिहिलं की नुसतं पेन हलवलं ते मला दिसलं नाही. जाताना ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "फार समजूतदार बाई आहेत तुमच्या." समजूतदार. मला त्यांच्या तोंडावर काहीतरी बोलायचं होतं. नाही बोललो. मीही त्याच मुलखातला.

जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं. सरकारकडून गाडी आली, ते खरं. लेकरं ओढ्यापलीकडं जायला लागली, वैशूही जायला लागली. सांजच्या जेवणाचा प्रस्ताव मात्र कुठं गेला ते कळलं नाही. कदम सर गंगाखेडकडं गेले. माझं समायोजन पिंगळीच्या बाजूच्या एका शाळेत झालं. मोठी शाळा, भरपूर शिक्षक. तिथंही समिती आहे. तिचं रजिस्टर शिपाई मोटारसायकलवर फिरवतो. मी काही बोललो नाही. आता अंगात तेवढं बळ नाही, आणि ज्यांच्यात होतं त्यांचं काय झालं ते बघितलेलं.

केवळाबाईंना मी शेवटचं बघितलं ते दिवाळीच्या सुट्टीच्या अखेरच्या दिवशी. माझे काही जुने कागद पालमला अडकले होते. काम नेहमीप्रमाणे झालं नाही आणि मी बस स्टँडजवळ चहा घेत उभा होतो. दिवस कलायला आला होता. रस्त्याच्या कडेला टोळीचा ट्रक थांबलेला होता. वर गाठोडी, पत्रे, हंडे, बांधलेल्या शेळ्या, माणसं. कुणीतरी "गुर्जी!" म्हणून हाक मारली. बघतो तर केवळाबाई. एका वळकटीला टेकून बसलेल्या, आणि त्यांच्या पायाशी वैशू, डोक्याला रुमाल बांधलेली.

मी जवळ गेलो. जेवणाच्या प्रस्तावाचं विचारायची हिंमत झाली नाही; उत्तर ट्रकमध्ये बसलेलं होतं. पलीकडं ती रडणारी बाईही होती. पिवळी गाडी परवडायची थांबली होती बहुतेक. तिची दोन्ही लेकरं तिच्या अंगावर रेलून झोपली होती. केवळाबाईंनी तिच्या थोरल्याच्या डोक्याखाली आपलं गाठोडं सरकवलं होतं.

"म्हातारीचं डोळं पारच गेलं गुर्जी," केवळाबाई म्हणाल्या. "पोरीला कोन रांदून घालावं?" तक्रारीचा सूर नव्हता. हवामान सांगावं तसं. "तुमचं बरं चाललंय ना? मोट्यानं बोलायलात का आता?"

"बोलतो," मी म्हणालो. आणि मग न राहवून विचारलं, "केवळाबाई, त्या दिवशी तुम्ही नुसतं म्हणाला असता, शाळा हवीय..."

"म्हनले असते." त्यांनी मला पुढं बोलू दिलं नाही. "तोंडापस्तोर आल्तं गुर्जी. तुमाला काय वाटलं?"

ड्रायव्हर चहा संपवून केबिनमध्ये चढला. इंजिन सुरू झालं. वैशूनं फळीवरून खाली वाकून मला विचारलं, "गुर्जी, उद्या शाळा उघडती ना?"

मी फळीला हात लावला. ट्रक हलला. केवळाबाईंनीच तिला मागं ओढून जवळ घेतलं.

"उघडती की माय," त्या म्हणाल्या. "आपुनच न्हाईत."